शेवटचा हात

काल तिसगावच्या थांब्यावर उभा होतो. दुपार कलली होती. शेजारी एक आजी बसल्या होत्या. पायाशी पिशवी, पिशवीतून वर आलेली मेथीची जुडी. नगरकडे जाणारी जीप येऊन थांबली, पोऱ्यानं दोन-तीनदा हाक दिली, आजींनी मान वर केली नाही. पाचेक मिनिटांनी दुसरी आली, तीही रिकामीच निघून गेली. मग पाथर्डीच्या अंगाला, रस्ता वळतो तिथं, बाभळींच्या आडून काहीतरी लाल हललं. पाटी दिसायला अजून अवकाश होता. गाडी साधी की जलद, नगरपर्यंतच की पुढे पुण्याला, काहीच कळत नव्हतं. आजी उठल्या, पिशवी काखोटीला मारली आणि मला म्हणाल्या, "चला भाऊ, आली यष्टी."

गाडीत कंडक्टरला त्यांनी आधार कार्ड दाखवलं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीत पैसे पडत नाहीत. दोन जिपा त्यांनी का सोडल्या हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या लेखी तो लाल रंग म्हणजे गाडीची शोभा नव्हती. त्यांचा हक्क त्या रंगाला बांधलेला होता, आणि एकही अक्षर न वाचता तो त्यांना दुरून ओळखू आला होता.

माझ्या पिशवीत त्याच वेळी एक चाळीस पानी मसुदा होता. एका दूध संघाचं काम आहे. त्यांना आपल्या नाममुद्रेची नियमावली हवी आहे: चिन्ह कसं वापरायचं, रंग कोणता, अक्षर कोणतं, भोवती जागा किती सोडायची, काय अजिबात करायचं नाही. टँकर, टेम्पो, कॅन, दुधाची पिशवी, संकलन केंद्राची पाटी, बिलबुक, पोरांचे टी-शर्ट, सभेचा फ्लेक्स, सगळीकडे संघ एकच दिसायला हवा. नगरमध्ये गेली वीसेक वर्षं मी हेच काम करतो आणि ते मला मनापासून आवडतं. संस्थेला चेहरा देण्याचं काम आहे, माझ्या मते जबाबदारीचं.

करंजीच्या घाटात गाडी वळणं घेत होती तेव्हा मी तो मसुदा उघडला आणि आजींच्या जागी बसून वाचून पाहिला. नवव्या पानावर मीच लिहिलं होतं: लाल रंग, सायन शून्य, मॅजेन्टा शंभर, पिवळा शंभर, काळा शून्य. ऑफसेट मशीनवाल्याला हे चार आकडे पुरतात. पण जामखेडला शिडीवर चढून पत्र्याची पाटी रंगवणाऱ्या माणसाला त्यांचा काय उपयोग? तो हार्डवेअरच्या दुकानात जातो, शेड कार्ड उघडतो, बोट ठेवतो आणि डबा घेऊन येतो. त्याच्यासाठी माझ्या चाळीस पानांत एक ओळसुद्धा नव्हती.

ही चूक मी आधी एकदा केलेली आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका संस्थेसाठी सुरेख पुस्तिका केली, गुळगुळीत कागदावर छापली, पदाधिकाऱ्यांनी कौतुक केलं. वर्षभरानं त्या भागात फिरलो तर संस्थेचे चार लाल झाले होते. छापील बिलांवर होता तसा. फ्लेक्सवरचा उन्हानं उडून गुलाबी पडलेला. ऑइलपेंटनं रंगवलेल्या पाटीवरचा गेरूकडे झुकलेला. टी-शर्टवर धुऊन धुऊन विटकरी. एका केंद्रावर टेम्पो उभा होता, तिथं दूध घालायला आलेल्या शेतकऱ्यानं मला विचारलं, "ही गाडी संघाचीच ना? का दुसऱ्या कुणाची?" रात्री झोप लागली नाही. त्या माणसानं सहज विचारलं होतं, पण माझ्या सगळ्या कामावरचा तो शेरा होता.

यात गूढ काही नाही. पडद्यावरचा लाल प्रकाशाचा असतो. कागदावरचा मॅजेन्टा आणि पिवळ्या शाईच्या बारीक ठिपक्यांचा. डब्यातला रंगद्रव्याचा. कापडावरचा आणखी निराळा. चौघांना एकच आकडा देऊन चार ठिकाणी एकच रंग उतरेल अशी आशा धरणं चूक. प्रत्येक माध्यमासाठी वेगळी सूचना लिहावी लागते, तेव्हा कुठं डोळ्याला तो एकच भासतो. सारखं दिसावं म्हणून वेगवेगळं सांगावं लागतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

एसटीकडे निरखून पाहायची सवय मला याच धंद्यानं लावली, आणि नगरकराला तर ती असायलाच हवी. १ जून १९४८ रोजी राज्याच्या सरकारी एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे–नगर रस्त्यावर. ती लाल नव्हती. निळी, वर चंदेरी टप असलेली. सुरुवातीच्या त्या काळात शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, लेलँड, फियाट अशा दहा घराण्यांच्या गाड्या ताफ्यात होत्या. कुणाचं नाक लांब, कुणाचं बसकं. इतक्या नाना तऱ्हेच्या गाड्या 'आपली एसटी' म्हणून एका नजरेत ओळखू यायच्या तर वरून एक रंग, एक चिन्ह, एक अक्षर लागणारच. पुढं लाल आला आणि असा मुरला की लोकांनी आधी लाल डबा म्हटलं, मग लाडानं लालपरी. रागाच्या नावातही रंग, मायेच्या नावातही रंग. एखाद्या संस्थेच्या रंगावरून लोक तिला दोन नावं ठेवतात तेव्हा त्या रंगानं आपलं काम केलेलं असतं.

यामागं किती हात आहेत ते पाहिलं की मन भरून येतं. एसटीच्या गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन: पुण्याजवळ दापोडी, संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. तारकपूर किंवा माळीवाडा स्टँडवर उभे राहाल तेव्हा नंबरप्लेटा वाचा. आपल्या नगरच्या गाड्या एमएच १६, श्रीरामपूरकडच्या १७. एसटीच्या अंगावर मात्र १४, २० आणि ४० सारखे भेटत राहतात. १४ पिंपरी-चिंचवडचा, २० संभाजीनगरचा, ४० नागपूर ग्रामीणचा. गाडी जिथं बांधली तिथली नोंद. म्हणजे एकाच फलाटावर शेजारी शेजारी लागलेल्या तीन गाड्या शेकडो किलोमीटर अंतरावरच्या तीन कारखान्यांतून आलेल्या असू शकतात. पत्रा कापणारे वेगळे, रिव्हेट ठोकणारे वेगळे, रंगाची गन धरणारे वेगळे. आजींना त्यांच्यात फरक दिसत नाही, आणि दिसू नये यासाठी तीन ठिकाणची माणसं कुठल्यातरी एका कागदाकडे बघून काम करत आली आहेत. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टन यांनी १९१६ मध्ये घडवलेली अक्षरं थोड्याफार फेरफारानं आजही तिथं वापरात आहेत, याचं आमच्या क्षेत्रात फार कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. पण दापोडी, चिकलठाणा नि हिंगण्याचं कौतुक करणारं पुस्तक मला अजून वाचायला मिळालेलं नाही.

एसटीनं पुढं रंग वाढवले. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून एशियाड हे नाव रुळलं, ती निमआराम गाडी हिरव्या-पांढऱ्या रंगाची. मग शिवनेरी, शिवशाही, विठाई. १ जून २०२२ ला विजेवर चालणारी पहिली शिवाई निघाली, तीही पुणे–नगर याच रस्त्यानं. चौऱ्याहत्तर वर्षांनी तोच रस्ता निवडला याचं मला फार बरं वाटलं. सेवा वेगळी तर रंग वेगळा, इथवर ठीक. तिकिटाचा दर वेगळा असेल तर तो चढण्याआधी कळलाच पाहिजे. पण माझं मत स्पष्ट आहे: दर नव्या योजनेला नवं रूप देत गेलं की एक दिवस थांब्यावरच्या माणसाला आपली गाडी ओळखायला पाटी वाचावी लागेल. त्या लाल रंगाला हात लावण्याआधी दहादा विचार व्हावा.

अक्षरांचं तर आणखी निराळं. आपल्या जिल्ह्याचंच घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि कार्यालयांच्या पाट्या, लेटरहेड, शिक्के, गाड्यांचे मार्गफलक, सगळं बदलायला निघालं. चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यांत मोठा जिल्हा. इतक्या पाट्या इतक्या थोड्या काळात बदलायच्या म्हणजे जो भेटेल तो पेंटर, जो मोकळा असेल तो फ्लेक्सवाला. सावेडीतून स्टँडकडे येताना मी एकदा पाट्या बघत आलो. 'अहिल्यानगर' हे एकच नाव, आणि एका पाटीवर पाकळ्यांचा ल, पुढच्या पाटीवर दंडाचा, हिंदी वळणाचा. राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपं ठरवून दिली आहेत. लिपीच्या दिसण्याची ती नियमावलीच म्हणायची, आणि माझ्या लेखी फार मोलाची. ज्या जिल्ह्याच्या नावात ल आहे आणि पोटात शेवगाव, शिर्डी, श्रीगोंदा, श्रीरामपूर, शिंगणापूर आहेत, त्या जिल्ह्यात हा निर्णय प्रत्येक पेंटरच्या आणि प्रत्येक डीटीपीवाल्याच्या भिंतीवर लागलेला असायला हवा होता. हातानं रंगवणाऱ्या जुन्या माणसाचा ल बहुतेक वेळा बरोबरच असतो, कारण त्यानं तो शाळेतल्या पाटीवर गिरवलेला आहे. संगणकावर मात्र हाताशी असेल तो फॉन्ट ठरवतो की आपलं गाव मराठीत दिसणार की हिंदीत. दोष ऑपरेटरचा नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

दुसरं दुखणं मोकळ्या जागेचं. आमच्या क्षेत्रातल्या नियमावल्या इंग्रजी पुस्तकांवरून उतरवलेल्या असतात. तिथं चिन्हाभोवतीची जागा मोजतात ती रोमन अक्षराच्या उंचीवर, आणि ते माप आपण जसंच्या तसं घेतो. रोमन कॅपिटल अक्षरं बहुतेक एका पट्टीत बसतात. आपल्याकडं शिरोरेषेच्या वर वेलांटी आहे, मात्रा आहे, रफार आहे. खाली उकार आहे. 'शिर्डी' लिहून बघा, 'पाथर्डी' लिहून बघा. शेवटच्या अक्षरावर रफार आणि वेलांटी दोन्ही एकत्र बसतात. इंग्रजी मापानं चौकट आखली की नेमका तो रफार पत्र्याच्या घडीत जातो. 'पुणे'चा उकार फ्लेक्सच्या रिंगांमध्ये जातो. मग लांबून 'पणे' दिसतं. गाव चुकतं, माणूस चुकतो. म्हणून आता मी 'क' हे माप धरतो. शिरोरेषेपासून पायापर्यंत क जितका उंच, त्याच्या निम्मी जागा वर मोकळी आणि निम्मी खाली. पेंटरला हे सांगायला पट्टीसुद्धा लागत नाही.

दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, असा कायदा २०२२ च्या दुरुस्तीनं पक्का झाला. चांगलं झालं. पण आकारानं मोठं असणं आणि नीट असणं या दोन गोष्टी आहेत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक संस्थांचं चिन्ह इंग्रजीत घडवून घेतलेलं असतं आणि मराठी नाव मागाहून, हाताला येईल त्या टाइपात, खाली डकवलेलं. इंग्रजी नाव सूट घालून आलंय आणि मराठी घरच्या कपड्यांत, असं दिसतं ते. दूध संघाला मी पहिल्याच बैठकीत सांगितलं, आधी मराठी अक्षर घडवू, इंग्रजी त्याच्या वळणानं बसवू. त्यांनी ऐकलं, याचा मला आनंद आहे.

जिल्ह्याला ज्यांचं नाव मिळालं त्या अहिल्याबाईंचीच या संदर्भात वारंवार आठवण येते. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत ३१ मे १७२५ ला जन्मलेली ही मुलगी पुढं होळकरांचं राज्य चालवायला लागली. तिच्या आज्ञापत्रांवर तिचं स्वतःचं नाव नसे, 'श्री शंकर' असे. नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचं पान. काशीला १७८० मध्ये विश्वेश्वराचं देऊळ उभं राहिलं, सोमनाथला १७८३ मध्ये, आणि जागोजाग घाट, बारवा, अन्नछत्रं. महेश्वरहून निघालेला कागद कुठंही पोचो, त्यावरचे दोन शब्द बघितले की तो कुणाचा हे सांगावं लागत नसेल. राज्य शंकराचं, आपण केवळ सांभाळणारे, ही तिची धारणा होती आणि चिन्ह त्या धारणेतूनच आलेलं होतं. कागद लिहिणाऱ्या कारकुनाला आणि साच्यात नाणं पाडणाऱ्या कारागिराला त्या खुणेचं कारण ठाऊक असेल, तर ती वाकडी उमटवायला त्याचा हात धजावणार नाही. माझ्या मसुद्यात नियम छप्पन्न होते आणि कारण एकाचंही दिलेलं नव्हतं. चिन्ह तिरकं करू नये. का? रंग बदलू नये. का? वाचणाऱ्याला का ते कळलं नाही तर तो नियम माझा राहतो, त्याचा होत नाही.

'ब्रँड' हा शब्द यायच्या कितीतरी आधी आपल्याकडं 'छाप' हा शब्द होता. दुकानात माणूस नाव वाचत नसे, चित्र मागत असे. आपल्या संगमनेरची गाय छाप पुडी साऱ्या महाराष्ट्रात त्या गाईवरून मागितली गेली. तंबाखूनं किती घरं पोखरली हे मी जवळून पाहिलं आहे, त्या मालाचं कौतुक माझ्या तोंडून होणार नाही. पण त्याच चित्राची ताकद ओळखून सरकारनं एप्रिल २०१६ पासून पुडीच्या दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा धोक्याच्या चित्रासाठी राखला. न वाचणाऱ्यापर्यंत पोचायचं तर चित्रानंच पोचावं लागतं, हे दोन्ही बाजूंना पटलेलं होतं.

रात्री घरी आल्यावर मी चाळीस पानांतली अठ्ठावीस काढून टाकली. पडद्यासाठीचे आकडे, छपाईचे आकडे, फॉन्टच्या फाइली हे सगळं वेगळ्या पाकिटात घातलं, ज्यांना लागतं त्यांच्यासाठी. उरलेल्या बारा पानांतलं पहिलं पान पेंटरचं केलं. त्यावर रंगाचा आकडा नाही, डब्यावरचं नाव आणि शेडचा नंबर आहे, आणि खाली खऱ्या ऑइलपेंटचा बोटभर पट्टा ओढलेला आहे, वाळल्यावर दिसतो तसा. प्रत्येक प्रतीवर तो पट्टा हातानं ओढावा लागणार. ओढू. दुसऱ्या पानावर फ्लेक्सवाल्यासाठी: फाइलमधल्या अक्षरांच्या आकृत्या (कर्व्ह) करूनच छापा, नाहीतर तुमच्या संगणकावर ल बदलेल, आणि उन्हातला फ्लेक्स पावसाळ्याआधी उतरवा, लाल उडाला की तो आपला राहत नाही. प्रत्येक नियमाखाली एका ओळीत त्याचं कारण.

आज सकाळी ते पहिलं पान घेऊन दिल्लीगेटजवळ एका पेंटरकाकांकडे गेलो. साठी उलटलेली, बोटांच्या पेरांत रंग कायमचा बसलेला. फ्लेक्स आल्यापासून काम निम्म्यावर आलंय, तरी टेम्पो नि पत्र्याच्या पाट्या अजून त्यांच्याकडेच येतात. त्यांनी चष्मा लावला, पान उजेडात धरलं. रंगाच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मापासाठी क बघितला आणि मान हलवली. मग ल-वर बोट ठेवून म्हणाले, "हा बरोबर आहे. आम्हाला गुरुजींनी असाच शिकवला."

मी वाट बघत होतो. त्यांनी पान पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं.

"सगळं आहे साहेब," ते म्हणाले, "पण पत्रा लहान आला तर आधी काय काढू, ते यात नाही."

वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. चिन्ह, नाव, घोषवाक्य, स्थापनेचं वर्ष, नोंदणी क्रमांक, फोन, गावाचं नाव: माझ्या पाटीवर सातही गोष्टी मावत होत्या, कारण माझी पाटी कागदावर होती. त्यांच्यापुढचा पत्रा कधी दीड फुटाचा असतो, आणि तिथं ते आपल्या मनानं काहीतरी काढतात. संघाची ओळख खऱ्या अर्थानं त्या क्षणी ठरते, आणि त्या क्षणी त्यांच्याजवळ कुणीही नसतं.

"तुम्ही काय काढता?" मी विचारलं.

"घोषवाक्य आधी. मग वर्ष. मग फोन." ते क्षणभर थांबले. "गावाचं नाव नाही काढत. बाया-माणसं दूध घेऊन येतात, आपलं केंद्र कुठलं ते कळायला पाहिजे. चिन्ह तर नाहीच."

त्यांच्याच कामाच्या फळीवर पान टेकवलं आणि त्यांनी सांगितलं त्या क्रमानं, त्यांच्याच शब्दांत, ते खाली लिहून घेतलं. नोंदणी क्रमांकाचं तेवढं संघाला विचारावं लागेल. दुपारी फोन करतो.